गाडी बंद, करंट चालू

तुमच्याकडे मल्टिमीटर आहे का? नसेल तर घ्याच. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत जा आणि साधा डिजिटल मीटर मागा. फक्त १० अँपिअरसाठी वेगळं भोक आहे ना, एवढं बघून घ्या. पाकीट फोडलं की घरातल्या सगळ्या पेन्सिल सेलवर तो लावून बघण्याचा मोह होईल. होऊ द्या! मलाही झाला होता. पण त्याची खरी करामत बॉनेट उघडल्यावर कळते. वायरीतून जाणारा करंट दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला वास नाही, आणि तरीही तो नेमका कुठून कुठं चाललाय हे पार्किंगमध्ये उभं राहून शोधून काढता येतं. दहावीनंतर विज्ञानाशी संबंध न आलेल्या माणसालासुद्धा! हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही?

आमची गाडी सेकंडहँड, पण तब्येतीनं ठणठणीत. तक्रार एकच. सोमवारी सकाळी सेल्फ घ्यायचा नाही. चावी फिरवली की नुसतं टक-टक-टक, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावायचे. मंगळवार ते शुक्रवार काही नाही, एका चावीत सुरू. ज्याला विचारावं तो म्हणे, नवी बॅटरी टाका. बॅटरी नवीच होती! बॅटरीवाल्यानं चार्जिंगला लावली, टेस्टर लावला, कागद काढून दाखवला की बॅटरी उत्तम. मग पुढचा सोमवार, आणि परत टक-टक-टक.

शेवटी नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनदादांना गाठलं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, बॅटरीत काही नाही. करंट खातंय कायतरी. शोधायला वेळ लागतो, गाडी सोडून जावी लागेल."

करंट खातंय कायतरी. गाडी बंद असताना? कोण खातंय? मी गाडी सोडून काही आले नाही. 'शोधायचं म्हणजे काय करायचं' एवढंच विचारत राहिले. त्यांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं ते सगळं डोक्यात घेऊन मी घरी आले आणि रविवारची वाट बघत बसले.

मुळात चावी काढल्यावर गाडी पूर्ण बंद होतच नाही, हेच मला आधी कळलं. घड्याळ चालू असतं. रिमोटचं बटण कधी दाबलं जाईल म्हणून सेंट्रल लॉकचा रिसीव्हर कान देऊन असतो. इंजिनच्या कॉम्प्युटरला आपली स्मृती जपायची असते. अलार्म असेल तर तो जागा. हे सगळं मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा पन्नासावा ते विसावा हिस्सा. एवढं बॅटरी सहज सोसते. त्याहून बरंच जास्त जात असेल तर गळती. सोसायटीत रात्री दोन वाजता सगळे नळ बंद असताना टाकीच्या पाइपावरच्या मीटरचं चक्र फिरताना दिसलं तर आपण जे समजायचं, तेच इथं समजायचं.

आणि ही गळती नुसती गैरसोय नाही, बॅटरीच्या मुळावर येते. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच संशोधकानं शिसं आणि गंधकाम्लाची, परत परत चार्ज होणारी बॅटरी केली. आपल्या बॉनेटखाली आजही तीच आहे, सहा सेलची. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते परत विरतं. उतरलेली तशीच पडू दिली तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि मग ते हटत नाहीत. म्हणून सारखी सारखी शून्याला गेलेली बॅटरी एका हिवाळ्यात म्हातारी होते. आमची तर तरणीताठी होती, तिला वाचवायचं होतं.

रविवारी सकाळी बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवलं. बॅटरीजवळ हे पहिलं. पॉझिटिव्ह टर्मिनल आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये धातूची बांगडी आली तर ती क्षणात लालबुंद होऊ शकते. मग दहाचा पाना, आणि तो आधी निगेटिव्हलाच. का, तर सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट. निगेटिव्ह खोलताना टेकला तर काहीच नाही, निगेटिव्हला निगेटिव्हच लागलं. जोडताना बरोबर उलटं, निगेटिव्ह शेवटी. किती साधं आहे हे, आणि किती चोख!

मीटरची काळी वायर 'कॉमन'मध्ये, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, चक्री १० अँपिअर डीसीवर. आता मीटरला करंटच्या वाटेतच उभं करायचं. बॅटरीतून निघालेला सगळा करंट, तो कुठंही जाऊन येवो, परत निगेटिव्हनंच बॅटरीत शिरतो. म्हणून नाका तिथंच. लाल क्लिप केबलच्या क्लॅम्पला, काळी क्लिप बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला, आणि दोन्ही लागल्यावरच क्लॅम्प अलगद वर उचलायचा. म्हणजे वाट एक क्षणही तुटत नाही, जो करंट क्लॅम्पमधून जात होता तो मीटरमधून जायला लागतो. दादांनी हे दोनदा सांगितलं होतं. वाट तुटली तर गाडीतले कॉम्प्युटर दचकून जागे होतात, आणि कधी कधी ज्या अडकलेल्या रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचला, आपण शोधतोय तो त्या झटक्यानं सुटतो. मग दोष गायब, आणि पुढच्या आठवड्यात हजर.

अजून एक गोष्ट त्यांनी बजावली होती. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही. सेल्फ शंभरच्या वर अँपिअर ओढतो आणि मीटर दहाचा आहे. हेडलाइटसुद्धा नको.

क्लॅम्प उचलला. आकडा उड्या मारायला लागला. २ च्या वर, मग १.४, मग परत वर. घाबरू नका, हे जागेपण आहे. दार उघडलं, बॉनेट उघडलं, की गाडीतले कॉम्प्युटर उठून बसतात, आणि परत झोपायला काही गाड्यांना पाच मिनिटं लागतात, काहींना अर्धा तास. त्यांना झोपू द्यायचं. चावी वर घरात ठेवून यायची, खिशात ठेवून गाडीजवळ रेंगाळायचं नाही. आतल्या फ्यूज बॉक्सपर्यंत हात जावा म्हणून दार उघडं ठेवायचं असेल तर चौकटीतलं बटण दाबून त्यावर चिकटपट्टी लावायची, म्हणजे गाडीच्या हिशेबी दार बंद. नव्या गाड्यांत ते बटण नसतं, तिथं दाराच्या लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरनं फिरवून बंद करायची. मात्र नंतर दार लावण्याआधी हँडल ओढून ती सोडवायची.

मी स्टुलावर बसून बघत राहिले. १.४ वरून ०.९. केबिनचा दिवा हळूहळू विझला, ०.७. आणि मग कुठंतरी आत बारीकशी 'टिक' झाली आणि आकडा स्थिर झाला.

०.६१.

हलेना. दहा मिनिटं गेली, ०.६१. जिथं ०.०३ दिसायला हवं होतं तिथं वीसपट!

मग मी फोनवर गुणाकार केला, आणि तो गुणाकार मी कधीच विसरणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी सातला लावलेली गाडी सोमवारी सकाळी आठला निघते. मधे ६१ तास. ६१ गुणिले ०.६१, म्हणजे ३७. अँपिअर-अवर. बॅटरीवर छापलंय, ३५. म्हणून सोमवार! म्हणून फक्त सोमवार! मंगळवार ते शुक्रवार गाडी रात्रीचे तेरा तास उभी, त्यात आठ अँपिअर-अवर जातात आणि सकाळी अल्टरनेटर १४ व्होल्टनं ते भरून टाकायला लागतो. इतके दिवस 'गाडीला सोमवारचा कंटाळा येतो' असं घरात म्हटलं जायचं. कंटाळा नव्हता, सरळ गणित होतं, आणि ते समोर आकड्यात उभं होतं.

आता कोण खातंय ते शोधायचं. जुनी रीत म्हणजे एकेक फ्यूज ओढायचा आणि मीटरकडे बघायचं. ज्या फ्यूजला आकडा खाली आला, चोर त्या लाइनवर. रीत खरीच आहे, पण प्रत्येक फ्यूज परत बसवला की त्या लाइनवरचं सगळं जागं होतं आणि पुन्हा झोपेची वाट बघा. दादांनी दुसरी रीत सांगितली, आणि तिच्यावर माझा जीव जडला. फ्यूज ओढायचाच नाही. ब्लेड फ्यूजच्या प्लॅस्टिकच्या पाठीवर नीट बघा, तांदळाच्या कणीएवढे दोन उघडे धातूचे ठिपके असतात. लाल, निळा, पिवळा, हिरवा, १०, १५, २०, ३० अँपिअर, सगळ्यांवर असतात. माझ्या डोळ्यांसमोर कायम होते आणि ते कशासाठी असतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते मीटरच्या टोकांसाठी असतात!

बॅटरीवरचा मीटर तसाच राहू द्यायचा, दुसरा मीटर मिलिव्होल्टवर ठेवायचा आणि त्याची टोकं त्या दोन ठिपक्यांवर. फ्यूज म्हणजे धातूची बारीक पट्टी, तिला थोडासा का होईना रोध असतोच. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजला साधारण ७-८ मिलिओहम. करंट जात असेल तर दोन टोकांमध्ये कणभर व्होल्टेज उभं राहणार, जात नसेल तर शून्य. गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये छापलेला नियम, आपण दहावीत पाठ केलेला, परीक्षेत दोन मार्कांना लिहिलेला, तो इथं पार्किंगमध्ये माझ्या हातात काम करत होता. ०.६ अँपिअर जात असेल तर त्या फ्यूजवर साडेचार मिलिव्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. साधा मीटरही एक दशांश मिलिव्होल्ट दाखवतो. फ्यूज मोठा तसा रोध कमी, म्हणून आकडाही लहान, एवढं ध्यानात ठेवायचं.

बॉनेटखालचा फ्यूज बॉक्स. ०.०, ०.०, ०.०. आतला, स्टिअरिंगखालचा. मान वाकडी करून, तोंडात टॉर्च धरून. ०.०. टेप आणि घड्याळाच्या फ्यूजवर ०.१, म्हणजे दहा-पंधरा मिलिअँपिअर, त्याचा हक्काचा घास. परत ०.०. शेवटचा फ्यूज. ०.०.

उभी राहिले आणि परत बॅटरीवरच्या मीटरकडे पाहिलं. ०.६१. करंट जातोय आणि कुठल्याही फ्यूजमधून जात नाहीये!

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो कसा सांगू? शून्यांची ती रांग म्हणजे हात हलवत परत येणं नव्हतं. प्रत्येक शून्यानं मला काहीतरी सांगितलं होतं. हेडलाइट नाही. हॉर्न नाही. काचा नाहीत. सेंट्रल लॉक नाही. डिकीचा दिवा नाही. सगळे निर्दोष सुटले, आणि उरलं एकच उत्तर. चोर फ्यूज बॉक्समधून जातच नाही. मग त्याला करंट मिळतो कुठून? थेट बॅटरीवरून!

पॉझिटिव्ह टर्मिनलवरचं लाल झाकण उचललं. खाली कंपनीची जाड केबल. आणि तिच्या बोल्टखाली दाबून बसवलेली आणखी एक लाल वायर, करंगळीच्या निम्म्या जाडीची, पारदर्शक टोपीचा फ्यूज होल्डर मधे घेऊन भिंतीतल्या रबरी भोकातून आत केबिनमध्ये गेलेली. टोपीत पिवळा, २० चा फ्यूज. मूळ वायरिंगच्या काळ्या वेष्टनात न बसणारी, नंतर कुणीतरी ओढलेली. टोपी फिरवली, फ्यूज काढला, मीटरकडे पाहिलं.

०.०२.

वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या. "काय गं, काय झालं?" "सापडलं, आजी, सापडलं!" त्यांनाही मीटर दाखवला. फ्यूज घातला, ०.६१. काढला, ०.०२. घातला, काढला. पुरावा असा असावा.

वायर कुठं संपते? दारालगतची रबरी पट्टी उचलली, गालिचा उचलला, वायर पुढच्या डाव्या सीटखाली जात होती. सीट मागे सरकवली तर तिथं चपटा काळा धातूचा डबा. सबवूफर आणि त्याचा ॲम्प्लिफायर एकातच. आधीच्या मालकानं बसवलेला. गाण्यांचा ठेका एवढा छान का लागतो याचं उत्तरही आत्ता मिळालं. फ्यूज परत घालून थोडा वेळ थांबले आणि डब्यावर हात ठेवला. डिसेंबरची सकाळ, गाडीचं सगळं लोखंड गार, आणि तो डबा कोमट! ०.५९ अँपिअर, १२ व्होल्ट, सात वॅट. टेप बंद, गाणं नाही, चावी घरात, आणि हा शुक्रवारपासून आपली सात वॅटची शेगडी पेटवून बसलेला.

आता प्रश्न असा की टेप बंद केल्यावर हा बंद का होत नाही. त्यासाठी मात्र मी गाडी नाना पेठेत नेली. टेप बाहेर काढण्याची हातोटी दादांचीच. मागची वायरिंग समोर आली आणि त्यांनी बोट ठेवलं. बाजारातल्या टेपच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी कायम चालू, घड्याळ आणि स्टेशनांची आठवण राहावी म्हणून. लाल चावीबरोबर चालू-बंद. काळी अर्थ. आणि एक निळी-पांढरी, तिचं काम ॲम्प्लिफायरला 'ऊठ' म्हणून सांगणं. टेप चालू झाला की तिच्यात १२ व्होल्ट येतात, बंद झाला की जातात. ॲम्प्लिफायरची जाड वायर थेट बॅटरीवर असणं चूक नाही, तशीच असते. तो झोपतो आणि उठतो तो या बारीक वायरीच्या हुकमावर. आमच्या गाडीत सबवूफरकडून आलेली बारीक निळी वायर पिवळीला पिळून वर काळी टेप गुंडाळलेली होती. पिवळी कायम चालू. म्हणजे 'ऊठ, ऊठ, ऊठ', रात्रंदिवस, डबा बसवला त्या दिवसापासून.

आणि टेपच्या फ्यूजवर मला दिसलेलं ते ०.१? त्यातलं काही या निळ्या वायरीचंही होतं. हुकूम त्या फ्यूजमधून जात होता, खाणं दुसऱ्याच रस्त्यानं चाललं होतं. तो एक फ्यूज मी ओढला असता तरी आकडा ०.०२ च्या आसपास आला असता, आणि मी टेपवर आळ घेऊन मोकळी झाले असते. ठिपक्यांवरच्या मिलिव्होल्टांनी मला खऱ्या खाणाऱ्याकडे नेलं. हे मी दादांना सांगितलं तेव्हा ते हातातली सोल्डरिंग गन थांबवून हसले. "ताई, मी तर फ्यूजच ओढला असता आणि टेप बदला म्हणालो असतो." निळी वायर निळ्या-पांढरीला सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली. टेप चालू, ठेका चालू. टेप बंद, चावी बंद, थोडा वेळ वाट, मीटर, ०.०२. त्या हिशेबानं शुक्रवार ते सोमवार गाडी खाणार सव्वा अँपिअर-अवर. ३५ मधले सव्वा!

त्यानंतर ओळखीतली कुठलीही गाडी माझ्या तावडीतून सुटलेली नाही. दारातून आत आले की मी विचारते, बंद गाडीचा करंट किती आहे तुमचा? माझ्या भावाच्या गाडीत डिकीचा दिवा विझतच नव्हता. ५ वॅटचा बल्ब म्हणजे ०.४ अँपिअर, झाकण बंद झाल्यावर आत पेटलेला कोण बघणार? मी फोन व्हिडिओवर लावून डिकीत ठेवला आणि झाकण बंद केलं. दिवा पेटलेलाच! झाकणाचं बटण वाकलेलं होतं. एका मैत्रिणीच्या गाडीत सगळे फ्यूज निर्दोष, बाहेरून ओढलेली वायरही नाही, आणि तरी ०.३. तिथं अल्टरनेटरची जाड वायर सुटी केल्यावर आकडा पडला. अल्टरनेटरच्या आत डायोड असतात. ते करंटला बॅटरीकडे जाऊ देतात, उलटं येऊ देत नाहीत. त्यातला एक डायोड दुबळा झाला की बॅटरीच रात्रभर अल्टरनेटरला पोसते. सोसायटीच्या वायरमनचा चिमट्याचा मीटर वापरून बघावा असं कुणाच्या मनात येईल तर तो बहुधा घरच्या एसी करंटचा असतो, गाडीच्या डीसीला उपयोगाचा नाही. डीसीचा चिमटा वेगळा मिळतो, महाग असतो, आणि तो घेण्यासाठी मी पैसे बाजूला काढायला लागले आहे.

सध्या तळमजल्यावरच्या काकांची गाडी हातात आहे, आणि ती आतापर्यंतची सगळ्यात भारी केस आहे. झोपल्यावर ०.०२, अगदी आदर्श. पण अर्ध्या-पाऊण तासानं आकडा एकदम ०.९ वर जातो, काही मिनिटं तिथं राहतो आणि परत खाली. कुणीतरी मधेच उठतंय, काहीतरी करतंय आणि पुन्हा झोपतंय. नुसतं उभं राहून बघणाऱ्याला हे सापडणारच नाही! विम्याच्या सवलतीसाठी बसवलेला जीपीएस ट्रॅकर मला संशयित वाटतो, काकांना ते पटत नाही, ते रिव्हर्स कॅमेऱ्याकडे बोट दाखवतात. येत्या रविवारी कमाल-किमान आकडा नोंदवून ठेवणारा मीटर आणतेय, आणि ट्रॅकरच्या वायरीवर दुसरा मीटर लावतेय. दोन्हींचा आकडा एकाच मिनिटाला उडाला की काकांनी वाद सोडायचा, असं ठरलंय.